खडूनं लिहिलेलं नाव

काम बिघडलं की विष्णुअण्णा त्या लोखंडी तुकड्यावर खडूनं स्वतःचं नाव लिहीत आणि तो माझ्या टेबलावर आणून ठेवत. गोकुळ रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात बाकीचे असला माल गुपचूप भंगारात टाकायचे. अण्णा म्हणायचे, "हात माझा होता की साहेब. मग नाव दुसऱ्या कुणाचं येणार?"

अण्णा अळणावरकडचे, लेथवर आयुष्य काढलेले. मी संगणकावर चालणारं नवं मशीन आणलं तेव्हा सगळे भोवती जमले. अण्णा लांबूनच म्हणाले, "मशीन भारी आहे. ऑपरेटर कोण?" कुठलंही यंत्र दिसलं की त्यांचा हाच प्रश्न. विमानात बसवलं तरी हेच विचारतील, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. ते तपासणीसाठी रक्त द्यायला गेले असताना मी डॉक्टरांना रोबोटनं करायच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दुर्बीण काय, रोबोट काय, दोन्हींत पोटाला छिद्रंच पाडायची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अवजारं माझ्या हातात असतात. रोबोटमध्ये मी बाजूला बसून त्याचे हात चालवतो. अडचणीच्या जागी तो सोयीचा पडतो, पण या गाठीला निकाल साधारण सारखाच. मी पुढच्या आठवड्यात दुर्बिणीनं करतो. आतडं अरुंद झालंय, थांबू नका."

मला मात्र अण्णांसाठी रोबोटच हवा होता. खरं सांगायचं तर चार लोकांत तसं सांगायलाही बरं वाटलं असतं. बेंगळूरुला त्याची महिन्यानंतरची तारीख मिळत होती. अण्णांनी दोन्ही तारखा ऐकून घेतल्या आणि विचारलं, "त्या रोबोटचा ऑपरेटर कोण?"

"डॉक्टरच."

"मग मशीनसाठी कशाला थांबायचं? हे डॉक्टर आठवड्यात करतात म्हणे की."

मी ठोकून दिलं, "डॉक्टरच रोबोट करा म्हणतात." अण्णांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतलीच नव्हती.

तारखेला आठवडा उरला असताना त्यांचं आतडं बंद झालं. पोट टम्म फुगलं, उलट्या थांबेनात. त्याच डॉक्टरांना घाईनं मोठा छेद देऊन पोट उघडावं लागलं. नंतर आत जंतुसंसर्ग पसरला. मी कॉटजवळ उभा होतो, खरं सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. माझा चेहरा बघून अण्णाच हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काय करणार ओ साहेब, डॉक्टरच म्हणाल्यावर."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आलो. शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी अण्णा गेले.

त्यांनी बिघडवलेला एक शाफ्ट अजून माझ्या टेबलावर आहे. त्यावरचं नाव पुसट झालंय. एकदा सकाळी लवकर जाऊन त्याखाली मी खडूनं माझं नाव लिहिलं. माणसं कामावर यायच्या आत पुसूनही टाकलं.