परातीचं पान

मी एकही सिनेमावाला प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि तरीही सिनेमावाल्यांच्या प्रेमावर आणि घटस्फोटावर अख्खं कॉमिक काढलंय. हे मी लाजून सांगत नाही, मिरवून सांगते. मुंबई मी दोनदाच पाहिली, दोन्ही वेळा दवाखान्याच्या कामानं, आणि तिथं भेटलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे लिफ्टवाला. बाकी सगळं मी आमच्या गावी, पालमात बसून काढलं. एसटी स्टँडच्या रस्त्याला आईचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. काउंटरवर आई, पिकोच्या मशीनवर मी, आणि समोरच्या बाकावर गप्पा मारायला आलेल्या बायका. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, तेव्हापासून घर आणि दुकान दोन्ही आईनंच ओढलं.

चित्रं मी आधीपासून काढायची. कुणाला ब्लाउजच्या पाठीला मोर हवा असायचा, कुणाला कमळ. मी कागदावर काढून द्यायची आणि शिंपी ते शिवायचा. पालम तालुक्यात माझे मोर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, याचाही मला अभिमान आहे. पण कॉमिक काढायला लागले ते हौसेनं नव्हे, रागानं.

तेव्हा मला सासरहून परत येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. घटस्फोट दोघांच्या राजीखुशीनं झाला होता. नवरा वाईट नव्हता. मारहाण नाही, दारू नाही. पण एसटीत एका सीटवर बसलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे आम्ही राहत होतो, आणि उतरायचं गाव काही येत नव्हतं. शेवटी दोघंही आपापल्या स्टॉपवर उतरलो. मला त्याचं दुःख झालं, ते सरलंही. सरलं नाही ते आईचं.

आई लोकांना सांगायची, "पोरगी माहेरपणाला आलीय." पहिल्या महिन्यात लोकांनी माना डोलावल्या. मग पंचमी झाली, दिवाळी झाली, संक्रांत झाली, दुसरी पंचमी आली, तरी माझं माहेरपण संपेना. तेव्हा आईनं जावयाला परगावी पाठवलं. आधी पुण्याला कंपनीत, मग सुरतेला, आणि शेवटी थेट दुबईला. तो बिचारा झरीला, माझ्या सासरच्या गावी, आपलं खताचं दुकान चालवत होता. लग्नात त्याला आमच्याकडून जेवढा मान मिळाला नसेल, तेवढी बढती आईनं त्याला घटस्फोटानंतर दिली.

शेजारच्या मेडिकलवाल्याची आई रोज दुपारी बाकावर येऊन बसते. आम्ही तिला मेडिकलवाल्या मावशी म्हणतो. ती न चुकता विचारायची, "जावई कवा यायलेत?" आणि आई न चुकता सांगायची, "सुट्टी भेटंना बघा तिकडं." मी मान खाली घालून मशीन चालवायची.

एका दुपारी बाकावर सिनेमातल्या एका जोडप्याचा विषय निघाला. त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं आणि ती बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती. हिरोईन किती वाळलीय, तिनं एकटीनं घर कसं घेतलं, कुठल्या कार्यक्रमात तिनं कोणती साडी नेसली होती, हे सगळं बोलून झालं. आणि मग आई म्हणाली, "लय चांगलं केलं बघा पोरीनं. पटंना तर काय करावं? जलमभर कुढत बसावं का?"

"तर काय," मावशी म्हणाल्या. "आपल्या पायावर उभी हाय. तिला काय कमी हाय?"

मला रडू आलं नाही, संताप आला. पायावर तर मीही उभी होते. एक पाय तर दिवसभर मशीनच्या पॅडलवरच असायचा. त्या न पाहिलेल्या हिरोईनसाठी आईच्या तोंडातून इतकं प्रेम निघत होतं, आणि पोटच्या पोरीचा नवरा मात्र दुबईत ठेवलेला. आमच्याकडे सिनेमावाल्यांचा घटस्फोट म्हणजे घरातली गोष्ट, आणि घरातला घटस्फोट म्हणजे गुपित. मला त्या दिवशी कळलं की आईला या विषयावर बोलायचं फार आहे, फक्त माझ्याबद्दल बोलायचा धीर नाही. मग मी ठरवलं, हिला हिरोईनच लागते ना, आपण हिरोईन काढू.

जुन्या टॅबवर मी पहिला भाग काढला. एक हिरो, एक हिरोईन. लग्न मोडलंय, कागद तयार आहेत, पण त्याआधी दोघांनी एका प्रेमाच्या सिनेमाचा करार करून ठेवलाय. त्यामुळे दिवसभर कॅमेऱ्यासमोर एकमेकांच्या गळ्यात पडायचं आणि शॉट संपला की खुर्चीत ताटकळलेल्या वकिलाकडे जायचं. दिग्दर्शक ओरडतो, "अजून प्रेम, अजून प्रेम!" आणि वकील म्हणतो, "जरा कमी, केस बिघडेल." दर आठवड्याला एक भाग मी मोबाइलवर टाकायला लागले. कॉलेजच्या पोरी वाचायला लागल्या, त्यांच्या मोबाइलवरून त्यांच्या मावश्यांकडे गेलं, आणि मग कुठल्या कुठल्या गावांतून माणसं विचारायला लागली, पुढं काय?

आई सुरुवातीला लांबून बघायची. मग चष्मा लावून जवळ आली. मग हुकूम सोडायला लागली. "हिरोईन घरात असं बसती व्हय? तिला सोफ्यावर बसीव." "त्या हिरोला जरा केस दे, टकला वाटायलाय." दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती माझ्या शेजारी स्टूल ओढायची आणि आम्ही दोघी मिळून त्या जोडप्याचं काय करायचं ते ठरवायचो. सासरहून आल्यापासून आम्ही इतकं बोललोच नव्हतो.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "आई, हिरोईनच्या आईला शेजारणी विचारतात, जावई कुठंय. ती काय सांगते?"

"शूटिंगला गेलेत म्हणती."

"कुठं?"

आईनं थोडा विचार केला. "स्वित्झर्लंडला."

मी ते तसंच काढलं. हिरोईनची आई बंगल्याच्या गच्चीवरून शेजारणीला सांगतेय की जावई स्वित्झर्लंडला बर्फात नाचायलेत, आणि जावई मागच्या गल्लीत पाणीपुरी खातोय. त्या भागाला फार लोक हसले. आईही खूप हसली, आणि मग एकदम उठली. घडी घातलेले ब्लाउजपीस काढून तिनं पुन्हा घड्या घातल्या. मला तिला लाजवायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा तरी, कुणाही समोर, माझी गोष्ट माझी म्हणून सांगावी. कॉमिक किती लोक वाचतात याचा मला आनंद होताच, पण मी ते एकाच माणसासाठी काढत होते.

पुढं पुण्याच्या एका प्रकाशनातून फोन आला. संपादक बाई होत्या, बोलायला गोड आणि कामाला पक्क्या. त्यांना याचं पुस्तक करायचं होतं. मी चार दिवस जमिनीवर चालत नव्हते. आईनं पेढे आणले, पण वाटताना लोकांना कारण सांगितलं ते "पोरीला पुण्याचं काम भेटलं" एवढंच. कसलं काम, कशावरचं पुस्तक, ते काही सांगितलं नाही.

आणि मग परातीच्या पानावरून घोडं अडलं.

त्याआधी परात काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात आंदण म्हणून भांडी देतात आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव मशीननं कोरून घेतात. मोडलं लग्न की वडीलधारे बसतात आणि नावं वाचून भांडी परत करतात. माझीही तशीच आली. झरीला सासरच्या अंगणात, आईच्या आणि माझ्या देखत, हंडे, कळश्या, तांबे मांडले आणि एकेक मोजून टेम्पोत चढवले. सगळं शांततेत चाललं होतं, पण पितळेच्या परातीपाशी गाडं थांबलं. परात माझ्या सख्ख्या मावशीनं दिलेली. सासूबाईंनी त्यात दोन वर्षं कणीक मळली होती आणि त्यांचा त्या परातीवर जीव बसला होता. त्या म्हणाल्या, ही आमची. आमचे लोक म्हणाले, नाव बघा. बरीच बाचाबाची झाली. शेवटी माझ्या नवऱ्यानंच ती उचलली आणि टेम्पोत ठेवली. टेम्पो पालमला पोचला तसं आईनं मागच्या दारानं भांडी आत घेतली, आणि मेडिकलवाल्या मावशींनी विचारलं तेव्हा सांगितलं की दुकानात नवीन माल आलाय. मॅचिंग सेंटरला हंडे-कळश्यांचा माल!

कॉमिकमध्ये हिरो-हिरोईनची वाटणी काढायची वेळ आली, तेव्हा माझ्या हातून बंगल्यासमोर टेम्पोच उभा राहिला. दुसरं काही डोळ्यांसमोर येईना. हिरोईनचे मामा धोतर सावरत परात उलटी करून नाव दाखवतायत, हिरोची आई परातीचा काठ सोडत नाहीये, वॉचमन मध्ये पडलाय. आणि त्या गोंधळात हिरो-हिरोईन एकमेकांकडे बघतात आणि कित्येक महिन्यांनी दोघांना एकदम हसू फुटतं. झरीच्या खऱ्या अंगणात कुणी हसलं नव्हतं. म्हणूनच बहुतेक मी ते काढलं. माझ्या मते माझ्या हातून उतरलेलं ते सगळ्यात चांगलं पान आहे.

संपादक बाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात साडीच्या काठात अडकलेले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. बाकावर मेडिकलवाल्या मावशी, राणीसावरगावहून खरेदीला आलेल्या दोघी सासू-सुना आणि एक कॉलेजची पोरगी. आई काउंटरवर अस्तर फाडत होती.

"हे परातीचं पान आपण काढून टाकूया का?" बाई म्हणाल्या. "विनोद छान आहे, पण पटत नाही. या लोकांची वाटणी वकिलाच्या ऑफिसात होते. फ्लॅट, गाड्या. बंगल्यासमोर टेम्पो आणि नावं घातलेले हंडे? सिनेमावाल्यांचं असं नसतं हो."

बाईंचं बरोबर होतं, ते मलाही कळत होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला कधीकधी फार राग येतो. मी म्हणाले, "मॅडम, मला फ्लॅट वाटून घ्यायचा अनुभव नाही. पान राहत नसेल तर पुस्तकही राहू द्या." बोलून गेले. हातातोंडाशी आलेलं पुस्तक मी स्वतःच्या जिभेनं घालवत होते.

"अहो, असं तोडून नका बोलू," बाई म्हणाल्या. "मी एवढंच विचारते, असं खरंच कुठं घडतं का?"

"घडतंय की."

हे मी नाही म्हणाले. आई कात्री हातात घेऊनच काउंटरच्या बाहेर आली होती आणि फोनवर वाकली होती.

"मी आई हाय हिची. बाई, भांडी वापस येतेत. टेम्पो भरून येतेत. आमच्या पोरीचा घटस्फोट झालाय, तवा तिची आलती. झरीहून. परातीवरून लय कचाकचा झालती, मी सोता होते तिथं. तुमी म्हणायल्या पटत न्हाई. मला तर पटायलंय. आन् सिनेमावाले काय पत्रावळीवर जेवतेत का? त्यायच्या घरी बी भांडी असतीलच की!"

मी मशीन बंद केलं. फोनमधून बाईंचं हसू ऐकू आलं. "आई, सिनेमावाल्यांचं तुमचं चुकतंय," त्या म्हणाल्या, "पण पान राहू दे. एकही रेघ बदलू नका."

फोन ठेवला. मेडिकलवाल्या मावशी आईकडे बघतच राहिल्या होत्या.

"अक्का, म्हंजी तवाचा तो नवीन माल?"

"भांडी होती हिची."

"आन् दुबई?"

"दुबईला कोणीच न्हाई." आईनं मान खाली घातली नाही. "मला तोंड उघडायचा धीर होत नव्हता. हिनं काय वाईट केलं न्हाई. दोघायचं पटलं न्हाई, मोकळे झाले. आता ती चित्रं काढती आन् तिचं पुस्तक निघायलंय. ते काम म्हणत होते ना पुण्याचं, ते हे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दाखव गं ते पान. समद्यायला बघू दे."

मी टॅब काउंटरवर ठेवला. आई धरून पाचही बायका वाकल्या. मी वाचायला लागले, पण पहिल्याच ओळीला आईनं टॅब आपल्याकडे ओढला आणि तिनंच वाचायला घेतलं. वाचता वाचता ती खरं काय झालं तेही सांगायला लागली. मामा न्हाई, मावसा होता तो, आन् धोतर न्हाई, पँट होती, ती सावरता सावरता बेजार झाला. सासूबाई परात कशी छातीशी धरून बसल्या होत्या, ते तिनं ब्लाउजपीसचा गठ्ठा पोटाशी धरून करून दाखवलं. राणीसावरगावची सून पदर तोंडात कोंबून हसत होती, मावशींचा चष्मा खाली पडला.

पुढं पुस्तक आलं, लोकांनी नावाजलं, माझं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात आहे आणि ते मी अजून दिवसातून एकदा बघतेच. पण त्या दुपारच्या पुढं ते काहीच नाही. त्या दुपारी आमच्या दुकानात सगळ्याजणी माझ्या घटस्फोटाला हसत होत्या, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं माझी आई हसत होती.