तक्रार राहू दे

माझी आई वाहतूक पोलिसात हवालदार आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या चौकातल्या एका शिपायानं मोटरसायकल अडवली, तर गाडीवाल्यानं त्याला फरफटत नेलं. त्याचं मनगट मोडलं. आई रोज त्याला डबा द्यायला दवाखान्यात जायची आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी परतली की स्वतःचं मनगट चोळत बसायची.

त्याच आठवड्यात, भर उन्हात, तिनं विनाहेल्मेट चाललेल्या एका माणसाला थांबवलं. तो थांबला, पण इंजिन चालूच ठेवलं. आईनं हात घालून गाडीची किल्ली काढून घेतली. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तो तिला तपासणीला नेत होता. वाद वाढत गेला, किल्ली आईच्या मुठीतच राहिली. म्हातारी पदर डोक्यावर ओढून फुटपाथवर बसली. किल्ली परत मिळेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी मुलानं तक्रार दिली.

थांबवायचं, कागद बघायचे, मशीनवर चलन करायचं आणि पळालाच तर नंबर टिपायचा, एवढंच वाहतूक पोलिसाचं काम. किल्लीला हात लावायचा नाही, हे आईला ठाऊक होतं. चौकातल्या सोबतच्या पोलिसांनी तिला समजावलं, की चौकशीत तो अंगावर आला असं सांग, साक्षीला आम्ही आहोत. चौकशीहून ती घरी आली तेव्हा काय सांगितलंस म्हणून मी विचारलं.

"किल्ली मी काढली म्हणून सांगितलं. तो अंगावर आला न्हाय, शिवीबी दिली न्हाय. मीच भ्यालते."

आईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्या रात्री मी तिच्याच अंथरुणात झोपले.

रविवारी तिनं साधी साडी नेसली आणि मला स्कूटर काढायला सांगितली. आम्ही उचगावला त्या म्हातारीच्या घरी गेलो. दारात तो मुलगा आडवा उभा राहिला. ही तक्रारीसाठी दबाव टाकायला आली, असंच त्याला वाटलं असणार. आई उंबऱ्याबाहेरच थांबली. आत म्हातारी कॉटवर बसली होती, तिच्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुमाला उन्हात बसवलं. माझं चुकलं."

म्हातारीला अजून नीट दिसत नव्हतं. तिनं आईचा हात चाचपडून धरला आणि सोडलाच नाही. दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील, पाणी तरी कोण देतं का, असं विचारत राहिली. मग मुलाला चहा ठेवायला सांगितलं. चहा देताना तो मवाळ झाला होता. तक्रार मागं घेतो म्हणाला.

"तक्रार राहू दे," आई म्हणाली. "ती खरी हाय. तुमी मागं घेतलासा, तर उद्या आमचंच लोक दुसऱ्या कुणाच्या आईला उन्हात बसवत्यात."

तिला लेखी ताकीद मिळाली आणि काही महिने ऑफिसात बसवलं. तिला ते मानवलं नाही. पंख्याखाली बसून डोकं धरतं म्हणायची. चौकात परत गेली तेव्हा मात्र गाडीवाल्याला लांबूनच सांगायला लागली, "पावणं, गाडी बंद करा आणि बाजूला घ्या." एखादा पळालाच तर पळू द्यायची. माणूस पळतो, नंबर कुठं पळतोय, म्हणायची.

म्हातारीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तपासणीच्या दिवशी मुलाला फौंड्रीतून सुट्टी मिळेना. त्यानं संकोचत माझ्या आईला फोन केला. आईनं रजा टाकली आणि रिक्षातून म्हातारीला घेऊन आली. मी कॉलेजातून थेट दवाखान्यात पोचले. नर्सनं आईला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण?

आईनं म्हातारीकडं बघितलं. तिच्या दंडाला धरून म्हातारीच म्हणाली, "माझी हवालदारीण हाय ही."

नर्स हसली आणि दोघींना आत सोडलं.