कॅमेऱ्याकडे बघू नकोस

संथ सिनेमांचं मला वेड होतं. एखादी बाई स्वयंपाकघरात एकटीच बटाटे सोलतेय, दहा मिनिटं कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही, असलं काही पाहिलं की मी ढसाढसा रडायचे. आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी आणि सुट्टीला लॅपटॉपवर परक्या शहरांतल्या माणसांचं एकटेपण. स्वतःला मी फार हळवी समजत होते.

वडील गेल्यावर आईला सातपाटीहून माझ्या फ्लॅटवर आणलं. जन्मभर मासळी विकलेली बाई. तिकडे दिवसा दार लावतात ते घरात कुणी नसलं तरच. इथेही ती दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बसायची आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला "जेवलास काय?" विचारायची. लोक कसनुसं हसून पुढे जात. शेजारणीने सुक्या बोंबलांच्या वासाची तक्रार केली, तेव्हा मीच वैतागले.

"आई, दार लावून बस. हे काय गाव आहे?"

तिने लावलं. नंतर कधीच उघडं टाकलं नाही.

त्या बंद दारामागच्या आईत मला सिनेमा दिसला. लिहिताना लाज वाटते, पण दिसला खरा. एका सकाळी कामावर निघताना जुना फोन फळीवर डब्याला टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिला बजावलं, "तुझं रोजचं चालू दे. कॅमेऱ्याकडे बघू नकोस."

संध्याकाळी मी चपला काढतेय तोच तिने विचारलं, "दिसली ना गो मी? आवाज येत होता?"

"हो हो, सगळं आलंय."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "कामात असशील."

मी रेकॉर्डिंग उघडलंच नाही. बघायला बाकीचे सिनेमे होते ना.

काही महिन्यांनी आई गेली. तिचं दिवसकार्य उरकल्यावर मी ते लावलं. थोडा वेळ ती तांदूळ निवडते. मग उठते, स्टूल ओढते आणि फोनसमोर येऊन बसते. सातपाटीला शेजारची मुलगी फोन असाच डब्याला टेकवून आमचा व्हिडिओ कॉल लावून द्यायची. फोन असा उभा केला म्हणजे पलीकडे मी असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जेवलीस काय गो?" ती विचारते आणि थांबते. बराच वेळ थांबते. पदराने फोनची काच पुसते.

"दार लावलाय मी. कोण येत नाय."

पुन्हा थांबते. "कामात हायस काय? असू दे. मी हाय इथंच."

ती तिथून उठत नाही. शेवटी फोनमधली जागा भरते आणि चित्र तुटतं, तेव्हाही ती पुढे झुकून माझ्या बोलण्याची वाट बघत असते.

"जेवले गं आई," मी म्हटलं. फ्लॅटचं दार लावलेलंच होतं.