बाटल्यांच्या जागा

दवाखान्यातल्या कार्बोलिकचा तो उग्र, स्वच्छ वास नाकाशी आला, की आजही माझ्या छातीत धाकधूक सुरू होते. तिशीत असताना म्हसळ्याला माझा दवाखाना होता, आणि तिथे मी स्वतःला मोठा सज्जन धनी समजत असे. माझे कंपाउंडर रघुअण्णा माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी वडील; आधीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबरोबरच ते माझ्याकडे आले होते. त्यांना मी कधी अरेतुरे केलं नाही, आवाज चढवला नाही, सणावारी अडवून ठेवलं नाही. चांगुलपणा म्हणजे याहून आणखी काय असतो?

एका रविवारी, अण्णा घरी असताना, मला टापटिपीची हुक्की आली. फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या मी वर्णानुक्रमे लावल्या आणि आपल्याच कामावर खूश होऊन घरी गेलो.

सोमवारी दुपारी रोगी पांगल्यावर पाहतो तो अंगाला चोळायच्या औषधाची बाटली टेबलावर उघडी, बरीच उतरलेली. खोकल्याचं औषध मात्र फळीवर जसंच्या तसं. चोळायचं औषध त्या दिवशी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खोकल्याचं एकालाच सांगितलं होतं; बाकीच्यांना खणातल्या गोळ्या नि पुड्याच. खाडीपलीकडचा एक शेतकरी आपल्या बाळंतीण बायकोसाठी ते घेऊन गेला होता. चोळायचं ते पोटात गेलं तर विषच! मी अण्णांना एवढंच म्हणालो, "तुम्ही माणूस मारलात," आणि धावत सुटलो.

नावाडी जीव खाऊन वल्हवत होता, तरी पलीकडचा काठ जवळ येईना. त्या संथ जळावर माझ्या मनात काय चाललं होतं? त्या बाईचा जीव, तिच्या कुशीतलं मूल, हे होतंच. पण खरं सांगू? त्याच्याही आधी माझं नाव होतं, माझा दवाखाना होता, आणि अण्णांना काढून टाकताना वापरायच्या वाक्यांची जुळवाजुळव होती. भीती माणसाला किती उघडं पाडते!

बाई ओटीवर मुलाला थोपटत बसली होती. औषधाची बाटली कोनाड्यात, अगदी वरच्या खुणेपर्यंत भरलेली. वासच सोसवेना म्हणून तिने घोटही घेतला नव्हता, आणि त्यापायी नवरा तिला रागे भरत होता. "डाक्टरनी दिलंय ते काय वाईट असंल व्हय?" तो मलाच विचारू लागला. औषध चुकलं, चूक आमची, असं मी त्याला कसंबसं सांगितलं. आणि कोनाड्यातली बाटली काढून घेतली.

परतलो तेव्हा अण्णा जेवायलाही न जाता पायरीवर बसून होते. बाई सुखरूप आहे हे ऐकून त्यांनी तोंडाला उपरणं लावलं. मग हळूहळू सांगितलं, की दोन वर्षांपासून मोतीबिंदूने अक्षरं दिसेनाशी झाली होती. मी सांगितलेलं नाव ऐकून, बाटलीची पाठ असलेली जागा चाचपून ते औषध देत. नाक तर औषधांच्या वासांनी केव्हाच मेलेलं.

"मला सांगितलं का नाही, अण्णा? मी कधी रागावलो का तुमच्यावर?"

"नाही रागावलात," ते म्हणाले. "पण चुकलेलं तुम्हांला खपत नाही, हे कळायला रागवावं लागतं थोडंच?"

मी जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. ज्याच्याशी हाताखालचा माणूस आपलं दुखणं बोलू धजत नाही, त्या धन्याच्या मृदू वाणीचं मोल किती? मी त्यांची क्षमा मागितली. मुंबईच्या इस्पितळात त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करवून घेतली. एक डोळा परत आला.

कामावर रुजू झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, भरल्या दवाखान्यात, अण्णा बाटली हातात धरून थबकले. "डॉक्टर, एवढ्याशा पोराला एवढी मात्रा? पुन्हा एकदा पाहता का?"

मी पाहिलं. चूक माझीच होती. केवढं हायसं वाटलं मला! आणि लगेच मनात आलं: याआधी कितीदा असे प्रसंग आले असतील, आणि अण्णा गप्प राहिले असतील?