ब्रेकमधलं काम

आमच्या कंपनीत माणूस सात महिन्यांचा असतो. सात महिने भरले की काँट्रॅक्ट संपतं आणि ब्रेक लागतो. मग घरी बसायचं. महिना-दीड महिन्यानं सुपरवायझरचा फोन आला की पुन्हा जायचं, नव्या कागदावर सही करायची आणि पुन्हा सात महिने. मला असे किती ब्रेक लागले ते मीच विसरले होते. त्याची कुणाला भीतीही वाटायची नाही. लाईनवरच्या आम्ही बायका तर त्याला माहेरपण म्हणायचो. जिचा ब्रेक लागेल तिची शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओटी भरायची. पदर कुठला, निळा ॲप्रनच पुढं धरायचा. आम्ही बौद्ध, आमच्या घरात ओटी-बिटी नसते. पण लाईनवर मी मुकाट्यानं ॲप्रन धरायचे, कारण तिथं नको म्हणणं म्हणजे मी परत येत नाही असं सांगण्यासारखं होतं. "लवकर ये गं," म्हणायच्या, आणि मी यायचेच.

कंपनी शिरूरजवळ, नगर रोडला. गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. समोर मोठा फळा, त्यावर खुंट्या. त्या खुंट्यांवरून रंगारंगाच्या वायरी न्यायच्या आणि वरून काळी टेप गुंडाळायची. सैल झाली तर जुडगा परत येतो, घट्ट झाली तर वायर आत मोडते. फुशारकी मारत नाही, पण माझ्या हातचा जुडगा कधी परत आला नाही. मांडवगण फराट्याहून कंपनीच्या बसनं जायचे, यायचे, आणि घरी आल्यावर सासऱ्यांपुढं ताठ मानेनं भाकरी थापायचे.

गेल्या ब्रेकला आठवडाही झाला नसेल, तोवर सुपरवायझरचा फोन. "ताई, तुमच्या जागी नवीन पोरगी बसवलीय. तिला टेप जमेना. चार दिवस येऊन शिकवून जा. काँट्रॅक्ट संपलंय, त्यामुळं पंच होणार नाही, हजेरी लागणार नाही. पण आलात तर पुढच्या वेळी तुमचं नाव पहिलं." मला काय, आनंदच झाला. आपल्यावाचून अडलं म्हणून बोलावलं ना! शेजारणीला सांगितलं, नणंदेला सांगितलं. पोरगी कासुर्डीची, म्हणजे माझ्याच माहेरची निघाली, हे तर अजूनच झकास.

आता इथं मी काय केलं ते ऐका. गेटवर सिक्युरिटीवाला बिहारी पोरगा. कार्ड तर चालत नव्हतं. त्यानं विचारलं, "किससे मिलना है, दीदी?" सुपरवायझरनं आधीच बजावलं होतं, माझं नाव घेऊ नका. मी म्हटलं, "भतीजी से." पोरीचं नाव सांगितलं, गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं आणि आत गेले. रोज तिच्यासाठी डबाही न्यायचे, भाकरी आणि ठेचा. ती शिरूरला पोरींबरोबर खोली करून राहायची, मेसचं खाऊन वाळली होती. मला आत्या म्हणायची.

पोरगी डावखुरी. तिची गोची तीच होती. सगळे तिला उजव्या हातानं टेप घ्यायला लावायचे आणि ती रडकुंडीला यायची. मी फळ्याच्या पलीकडून तिच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, माझ्याकडं आरशात बघितल्यासारखं बघ आणि जसंच्या तसं कर. दोन दिवसांत तिचा हात बसला. तिसऱ्या दिवशी तर मला वाटलं, अगं बया, ही माझ्यापेक्षा चपळ निघायची. चौथ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "ताई, फोन करतो."

फोन काही आला नाही. महिना गेला, दीड गेला. माझ्यानंतर ब्रेकवर गेलेल्या बाया परत कामावर गेल्या. मी फोन करावा तर सुपरवायझर उचलेना. शेवटी गेले गेटवर. तो बिहारी पोरगा बिचारा खाली बघून म्हणाला, "सिस्टम में नाम नहीं है, दीदी." आरडाओरडा केला तेव्हा एचआरच्या मॅडम बाहेर आल्या. मी विचारलं, "मला का काढलं?" मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "कुणी काढलंय तुम्हाला? तुमची मुदत संपली."

घरी आले तर दुसराच तमाशा. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी ओसरीवरूनच विचारलं, "काढलं म्हंजी? काय केलंस तू?"

"काय न्हाई केलं, मामा."

"मग काढलं कसं?"

"काढलं न्हाई म्हणत्यात."

"मग जा की कामावर!"

काढलंही नव्हतं आणि मी कामावरही नव्हते. गावात बाया विचारायच्या, सुटलं का गं काम? मी म्हणायचे, सुटलं न्हाई. मग रजा हाय का? रजा पण न्हाई. त्या एकमेकींकडं बघायच्या. चोरी केली म्हणून काढलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? दिवसभर डोकं भणभणायचं.

दौंडला आमच्या भावकीतले एक आप्पा आहेत. रेल्वेतून रिटायर झालेले, युनियनचं काम केलेले. नदीवरचा पूल ओलांडला की मांडवगणातून दौंड काही लांब नाही. गेले, जयभीम घातला आणि सगळं सांगितलं. आप्पांनी दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, "नुसती मुदत संपली आसती तर अवघड होतं, पोरी. पन मुदत संपल्यावर त्यांनी तुला कामाला बोलावलं ना? मग संपली कुठं?" मला एकदम हायसं वाटलं. लेबर ऑफिसला अर्ज गेला. पुण्यात लेबर अधिकाऱ्यांपुढं पहिली बैठक झाली. तिथं मॅडम म्हणाल्या, "या बाई कामाला आल्याच नव्हत्या. भाचीला डबा द्यायला येत होत्या, गेटवर त्यांनीच तसं सांगितलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं काय होतं त्यात? सांगितलं तर मीच होतं. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "आता ती पोरगी बोलली तरच हाय. न्हाईतर सोडून दे."

म्हणून पोरीच्या सुट्टीच्या दिवशी कासुर्डीला गेले. तिची आई नात्यानं माझी वहिनी. "या वन्सं," म्हणून चहा टाकला. पोरगी भिंतीला टेकून उभी. मी सरळच म्हटलं, "पुण्याला येऊन एवढंच सांग, की मी तुला शिकवलं." ती आईकडं बघायला लागली. आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "आत्या, घरात स्थळं बघत्यात. नोकरी हाय तवर बाबा दम धरत्यात. मी तुमच्या बाजूनं बोलले तर मला ठेवतील का? आन् मला इतक्यात लगीन न्हाई करायचं."

मला तिचं म्हणणं कळलं आणि रागही आला. "माझ्या जागेवर उभी राहून मलाच सांगतीस व्हय गं?" असं बोलून मी उठले. चहा तसाच राहिला. परतताना यवतला गाडीची वाट बघत होते तेव्हा वाटलं, तिची काय चूक? मग वाटलं, मग माझी तरी काय चूक? सुपरवायझरची म्हणावी तर त्याचंही काँट्रॅक्टच. गाडी आली तरी मला कुणावर रागवायचं ते ठरेना.

पुढच्या बैठकीला बघते तर पोरगी हजर! पण कंपनीच्या गाडीतून, मॅडमच्या शेजारी. मॅडम अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "भाचीलाच आणलंय सर, तीच सांगेल." अधिकाऱ्यांनी विचारलं, "या बाई तुमच्याकडं कशाला यायच्या?"

पोरगी ओढणीचं टोक चुरगळत होती. माझ्याकडं बघेना. म्हणाली, "डबा आणायच्या." मॅडमनी मान हलवली. मी डोळे मिटले, म्हटलं संपलं. आणि पोरगी पुढं म्हणाली, "डबा दुपारी. सकाळपास्नं संध्याकाळपतुर टेप शिकवायच्या. मी डावखुरी हाय सर. मला दुसऱ्या कुणाला शिकवताच आलं नव्हतं."

मॅडमनी बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला. परत आल्या त्या वेगळाच सूर घेऊन. केस मागं घ्या, पुढच्या एक तारखेपासून या, नवीन काँट्रॅक्ट देतो. आप्पांना विचारलं, "जिंकलो का आपन?" आप्पा म्हणाले, "काम मिळतंय. पन तुला काढलं व्हतं आसं त्यांनी कुठं कबूल केलं न्हाई. ह्याला काय म्हनायचं ते मलाबी सांगता येत न्हाई." सात महिन्यांचाच कागद होता. मी सही केली. सही करताना मॅडमना विचारलं, "आन् हिचं?" त्या म्हणाल्या, "तिचं चालूच आहे की." मी पोरीचे दोन्ही हात धरले. ती रडत होती का हसत होती, मला आजही सांगता येत नाही.

मी कामावर गेले. वीसेक दिवस आम्ही शेजारी शेजारी फळ्यावर होतो. मग तिचे सात महिने भरले आणि तिला ब्रेक लागला. दीड महिना झाला, तिला काही फोन गेला नाही. मी सुपरवायझरला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "ऑर्डर कमी झालीय, ताई." ऑर्डर कमी झाली हे खरंच आहे, दोन फळे बंद पडलेत. ती खरं बोलली म्हणून गेली, का ऑर्डर कमी झाली म्हणून गेली? कोण सांगणार?

परवा जेवणाच्या सुट्टीत कासुर्डीहून तिच्या आईचा फोन. आवाजात नुसता आनंद. "वन्सं, पोरीचं जमलं बगा! मुलगा दुकान चालवतो. नोकरी, नोकरी करून बसली व्हती, तुमच्यामुळं सुटली त्यातनं. तुमचे लई उपकार हायत. लग्नाला यायचं, मानाचं लुगडं हाय तुमाला." टोमणा असता तर बरं झालं असतं. पण ती माउली मनापासून बोलत होती. मी डबा बाजूला सरकवला. मी म्हटलं, "वैनी, पोरीला द्या जरा."

मिक्सरच्या आवाजातून पोरगी बोलली. "आत्या, लग्नानंतर परत कामावर घेतील का हो मला? तुम्ही विचारून बघता का?"

विचारते म्हणाले. कुणाला विचारायचं, तेच मला कळत नाही.