दाजींची सोबत

फाटकावरच्या नव्या यंत्राने दाजींच्या कार्डाला लाल दिवा दाखवला. रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या घारीने आधी दिव्याकडे पाहिलं, मग दाजींच्या मानेकडे. मान हळूहळू लाल होत होती.

दाजींनी कार्ड पुसलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. पहारेकरी खाली मान घालून म्हणाला, साहेब, मुदत संपली आहे. कालच.

दाजी म्हणजे यार्डाचे मुकादम. रोज सकाळी फाटकात उभं राहून ते एकेकाचं सरकारी सुरक्षा कार्ड हातात घेऊन तपासायचे. मुदत जवळ आली असेल तर चारचौघांत झापायचे. त्यांचं स्वतःचं कार्ड मात्र कधी कुणी मागितलं नव्हतं. पहारेकरी सलाम ठोकायचा, दाजी आत जायचे. यंत्राला सलाम ठोकता येत नव्हता.

घार त्यांची मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण. घार हे नाव बंदरातल्या माणसांनी दिलेलं. उंच क्रेनवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती कंटेनर उचलायची आणि खाली कोण कुठे बिडी ओढतंय तेही तिला दिसायचं. हे मागच्या वर्षापर्यंतचं. मागच्या वर्षी तिच्या कार्डाची मुदत संपत आली. ती वेळेवर सरकारी कचेरीत गेली, पण तिच्या बोटांचे ठसेच उठेनात. क्रेनवर चढण्याआधीची कितीतरी वर्षं तिने धक्क्यावर दोर ओढले होते, साखळ्या आवळल्या होत्या. बोटांवरच्या रेघा त्यात झिजून गेल्या होत्या. खिडकीतली मुलगी तिचं एकेक बोट काचेवर दाबायची, मान हलवायची आणि पुढची तारीख द्यायची. घार बोटांना तूप चोळून जायची. तुपाने काच बरबटली, ठसा काही आला नाही. मुदत संपली आणि ती फाटकाबाहेर राहिली.

बंदरात अशा माणसासाठी एक सोय होती. तिला सगळे सोबत म्हणायचे. कार्ड नसलेल्याला कार्डवाल्याने आपल्या जबाबदारीवर आत न्यायचं. अट एकच, तो माणूस सोबत करणाऱ्याच्या नजरेआड जाता कामा नये. गेला आणि पकडला गेला, तर सोबत करणाऱ्याचंही कार्ड जप्त.

घार तेव्हा दाजींकडे गेली होती. घरी नाही, इथेच, फाटकावर. मला आत घेऊन चला, म्हणाली, तुमच्या खिडकीतून क्रेन समोरच दिसते. दाजींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं होतं.

"नातं घरी. इथे रांगेत उभी राहा."

ती उभी राहिली. दिवसचे दिवस, कचेरीच्या खिडकीपुढे. त्या दिवसांत दाजींनी क्रेनवर आपल्या मावसभावाला बसवलं. शेवटी एका अंगठ्याचा ठसा कसाबसा उठला आणि घारीचं कार्ड आलं. तेव्हा दाजी म्हणाले, आता तो रुळलाय, तू तूर्त खाली साखळ्या अडकव. ते तूर्त अजून संपलं नव्हतं. ताईने मध्ये पडून पाहिलं. तिला दाजींनी, कामातलं तुला काय कळतं, म्हणून गप्प केलं. घारीने साखळ्या उचलल्या. पण डूख धरला. मावसभाऊ कंटेनर धाडकन टेकवायचा आणि प्रत्येक धाडकनला ती हातातली साखळी सोडून वर बघायची. आपली क्रेन परत मिळेल तेव्हा मिळेल, त्याआधी या माणसाला एकदा या फाटकावर नाक घासताना बघायचं आहे, असं ती मनाशी म्हणत राहिली.

आणि आता ते उभे होते.

दिवसही काय निवडला होता. मोठं जहाज धक्क्याला लागलेलं, आणि दुपारी कंपनीचे मोठे साहेब यार्ड बघायला येणार. दाजींच्या बढतीचं त्यांच्याच हातात होतं. आज दाजी आत नसतील, तर बढती दुसऱ्या मुकादमाच्या पदरात.

दाजी रांगेकडे वळले. सोबत कोण करतं, त्यांनी विचारलं. रांग मागे सरकली. एकाला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. मावसभावाचं हे पहिलंच कार्ड होतं आणि पहिल्या कार्डावर कुणाचीच सोबत करता येत नव्हती. दाजींची नजर फिरत फिरत घारीपाशी आली आणि तिथेच अडकली.

ते तिला बाजूला घेऊन गेले. आवाज एकदम घरातला झाला. तुझ्या ताईसाठी तरी, म्हणाले. घारीने ऐकून घेतलं. नाही म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. नाही म्हटलं असतं तर ते घरी गेले असते, पंख्याखाली बसले असते. तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं.

"करते सोबत," ती म्हणाली. "पण मी खाली असले तर कंटेनरपलीकडचं मला दिसत नाही. वरून सगळं दिसतं."

दाजींना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी फाटकावरूनच फोन करून मावसभावाला खाली उतरवलं.

बाहेरच्यांना घालायचं भगवं जाकीट पहारेकऱ्याने पुढे केलं. ते दाजींच्या पोटावर बसेना. आत गेल्यावर दाजी सवयीने आपल्या खोलीकडे निघाले.

"दाजी, खोलीला भिंती आहेत," घार मागून म्हणाली. "नजरेआड जायचं नाही."

क्रेनपासून दूर, मोकळ्यावर एक पिवळा चौकोन रंगवलेला होता. ट्रकवाले तिथे आपल्या पाळीची वाट बघत उभे राहायचे. तिने बोटाने तो दाखवला आणि शिडी चढायला लागली. केबिनमध्ये मावसभावाचा वास होता. तिने खिडकी उघडली, खुर्ची पुढे ओढली, दांडे हातात घेतले. हात काही विसरले नव्हते. पहिला कंटेनर तिने असा टेकवला की आवाजच झाला नाही.

एकही कंटेनर तिने दाजींच्या जवळपास नेला नाही. कामात तिला खोट नको होती. पण दाजींचा पाय पिवळ्या रेघेबाहेर पडला की ती भोंगा वाजवायची. सगळं यार्ड वळून बघायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं खाल्लं होतं, ते ट्रकवाले मुद्दाम हळू जाऊ लागले. एकाने आदबीने विचारलं, पाहुणे, नंबर कितवा? ऊन वर चढलं. दाजींनी फोन केला, लघवीला जायचंय म्हणाले. ही कंटेनरांची रांग उतरवून होऊ दे, तिने सांगितलं. रांग झाल्यावर ती खाली उतरली, त्यांना घेऊन गेली आणि दाराबाहेर उभी राहून मोठ्याने विचारत राहिली.

"दाजी, आहात ना?"

"आहे."

"बोलत राहा."

आत हात धुणारे दोघं हसत बाहेर पडले.

दुपारी साहेब आले. दाजी हात पुढे करून धावले आणि भोंगा वाजला. ते जागच्या जागी थांबले, हात तसाच. साहेबांनी जाकिटाकडे पाहिलं, बरोबरच्या माणसाला काहीतरी विचारलं. मग ते वर क्रेनकडे बघत पुढे चालू लागले. घारीला दाजींचं तोंड एवढ्या उंचीवरून नीट दिसत नव्हतं. तिने काच पुसून पाहिलं.

पाळी संपली तेव्हा दाजींचं टक्कल भाजून निघालं होतं. ताईचा फोन दोनदा येऊन गेला होता. घारीने तो उचलला नाही. तिला माहीत होतं, दाजींची बोटं गुळगुळीत कागद हाताळणारी, त्यांचा ठसा पहिल्या झटक्यात उमटेल आणि कार्ड हातात पडताच तिला पुन्हा साखळ्यांना जुंपलं जाईल. मग ताईकडे जाणंही बंद होईल.

फाटकाशी दाजी तिच्या मागे उभे राहिले. ती बाहेर पडल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येणार नव्हतं.

"झालं समाधान?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

बाहेर पडताना यंत्र कार्ड नाही, अंगठा मागायचं. तिने तो ठेवला. लाल. तिच्या अंगठ्याला नेहमीच दोन-तीनदा लागायचं, म्हणून ती तो पँटला घासून चांगला दाबायची. आज तिने घासला नाही. नुसता अलगद टेकवला, उचलला, बघितला. पुन्हा टेकवला. मागे माणसं जमत होती, दाजी भगव्या जाकिटात घामाने निथळत होते, आणि घारीला घरी जायची मुळीच घाई नव्हती.