सहा पावलांचा नियम

गल्लीतली माणसं आमच्या ह्यांना 'सेकंदराव' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण ह्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? दुकान जेमतेम चार पावलं खोल. खिडकीखाली एक टेबल, टेबलावर पांढरा कागद, त्यावर चिमटे ओळीनं मांडलेले. तिथे बसले, डोळ्याला भिंग लावलं, की हे कुणाचेच नसत. मी डबा घेऊन जायची तेव्हा मान वर न करता "ठेव" म्हणायचे. एवढाच आमचा दुपारचा संसार.

ह्यांचा वैरी एकच, चुंबक. घड्याळाच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. चुंबक जवळ आलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळत सुटतं. म्हणून ह्यांचा नियम होता, घड्याळापासून चुंबक सहा पावलं लांब. दुकानच चार पावलांचं, तेव्हा चुंबकाच्या बटणाची पर्स घेऊन आलेल्या बायकांना रस्त्यावर उभं राहूनच बोलावं लागे. घरीही तीच तऱ्हा. नातीनं फ्रिजवर लावलेली फुलपाखरं ह्यांनी एकेक करून उतरवली. नात दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. मी चार दिवस बोलले नाही.

आणि माझं घड्याळ? आईनं मला दिलेलं ते छोटं, चपट्या काट्यांचं घड्याळ बावीस वर्षं दुकानाच्या खालच्या खणात पडून होतं. विचारलं की "पुढच्या आठवड्यात बघतो." मग मी विचारायचंच सोडलं. राग गेला नव्हता, फक्त कंटाळा आला होता.

मग हे पडले. दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ अर्धं मिनिट मागे होतं म्हणून स्टुलावर चढले, तोल गेला आणि उजवा हात टेकून खाली आले. अंगठ्याच्या मुळाशी काजूएवढं एक हाड असतं, ते मोडलं. तीन महिने प्लास्टर. प्लास्टर निघालं तरी हाड जुळलं नव्हतं आणि चिमट्यात साधा स्क्रूही धरवत नव्हता. रात्रंदिवस ठणकायचं ते वेगळंच.

हाडांच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "ऑपरेशन करता येईल, पण मनगट थोडं आखडेल. बारीक कामाचं मी सांगू शकत नाही. त्याआधी एक करून बघू." त्यांनी एक पट्टा काढला. त्याला तारेचं वेटोळं आणि एक छोटी डबी होती. "ह्यातून वीज थांबून थांबून जाते. दर ठोक्याला क्षणभर चुंबक तयार होतं आणि विरतं. रेंगाळलेल्या हाडाला त्यानं जाग येऊ शकते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. रोज तीन तास, न चुकता."

"चुंबक?" हे म्हणाले. चाळीस वर्षांत ह्यांचा चेहरा एवढा पडलेला मी पाहिला नव्हता.

पट्टा लावून दुकानात बसणं शक्यच नव्हतं. मग दुपारचं दुकान बंद झालं. पुढच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची ठरली. घरातली सगळी घड्याळं ह्यांनी डाव्या हातानं एकेक करून स्वयंपाकघरात नेली. त्या खोलीत मग किती वाजले हे कळायची सोयच उरली नाही. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. तीन तास भरल्याची शिट्टी सोडली तर आवाज नाही, ऊब नाही, काही म्हणता काही जाणवत नाही. हे पट्ट्याकडे बघत बसायचे, चिडचिड करायचे. मी आत माझ्या कामात.

सहा आठवडे झाले. एका संध्याकाळी हे चष्मा विसरून दुकानात गेले म्हणून मी तो द्यायला गेले. बघते तर टेबलावर ती निळी डबी. दुकानात परवानगी असलेलं ते एकमेव चुंबक. घड्याळात चुंबक शिरलं की हे घड्याळ त्या डबीवर धरतात, बटण दाबतात आणि हात हळूहळू लांब नेतात, मग घड्याळ शुद्धीवर येतं. आता डबीवर घड्याळ नव्हतं. ह्यांचा उजवा हात होता. डाव्या हातानं बटण दाबून हे तो हळूहळू लांब नेत होते, अगदी जपून.

"काय चाललंय?"

"उतरवतोय."

"काय उतरवताय?"

"चुंबक. ह्या हातानं घड्याळाला शिवायचं म्हणजे..."

"रोज?"

"रोज."

तीन तास चढवायचं आणि संध्याकाळी उतरवायचं, असं सहा आठवडे! दुसऱ्या दिवशी मी ह्यांना पट्ट्यासकट जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ऐकलं, खिडकीबाहेर बघितलं आणि मग त्यांना हसू आवरेना. "अहो, हाड म्हणजे लोखंड नाही. त्यात चुंबक राहतच नाही, तर उतरणार काय?" पण मग त्यांनी पट्ट्याची डबी उघडून आतली तासांची नोंद वाचली आणि हसू मावळलं. रोजचे जेमतेम दोन तास भरत होते; हे मधेच उठत होते. एक्स-रेत फट तशीच होती. "अजून तीन महिने देते. पूर्ण बसलात तर. नाहीतर ऑपरेशनची तारीख घेऊ."

येताना हे घराच्या पायरीवर म्हणाले, "हात गेला तर मी करू काय गं?" दुसऱ्या दुपारी मी माझी खुर्ची ह्यांच्या शेजारी आणून ठेवली. म्हटलं, बघू आता कसे उठता ते.

त्या दुपारी अजून माझ्या अंगात आहेत. पडद्यातून पिवळा उजेड जमिनीवर यायचा आणि चालत चालत भिंतीपर्यंत जायचा. बाहेर कुणाची तरी सायकल जायची. हे डोळे मिटून बोलायचे, अर्धे जागे, अर्धे झोपेत. लहानपणी तळ्यात टाकलेलं घड्याळ पाण्याखाली अजून चालतंय असं स्वप्न पडतं म्हणाले. एकदा म्हणाले, दुखणं शेजारच्या खोलीत गेलंय, भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं इतकंच ऐकू येतं. मी मोसंबी रंगाची लोकर विणत होते. कधी कधी माझाही डोळा लागायचा आणि सुया तशाच मांडीवर. चाळीस वर्षांत आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो, आणि एवढं गप्पही बसलो नव्हतो. खरं सांगते, डबी वाजून तीन तास संपले की मला वाईट वाटायचं.

तीन महिन्यांनी एक्स-रेत फटीवर पांढरी रेघ आली होती. "जुळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्ट्यानं की वेळेनं, ते हाडच जाणे. पट्टा अजून दोन महिने ठेवा. सकाळी हलकं काम करून बघा."

दुसऱ्या सकाळी मीही दुकानात गेले. ह्यांनी खालचा खण उघडला आणि माझं घड्याळ काढलं.

"आज बरी आठवण झाली?"

"हात कसा चालतो कोण जाणे. गिऱ्हाइकाच्या घड्याळावर कशी परीक्षा घेणार?"

मी हसले, पण मनातून टोचलं. बावीस वर्षांनी नंबर लागला तोही बिघडलं तर चालेल म्हणून. मग ह्यांनी भिंग लावलं. चिमट्यानं ती केसाएवढी स्प्रिंग उचलली. चिमट्याचं टोक थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं. स्प्रिंग जागेवर बसली. काटा हलला. ह्यांनी भिंग काढलं तेव्हा डोळा ओला होता, आणि भिंगामुळे पाणी येतं असं मला सांगून झालं.

दुपारी मी घड्याळ हातात घालून पुढच्या खोलीत आले. हे पट्टा लावून खुर्चीत होते, हिरवा दिवा लुकलुकत होता. मी दारातच थांबले. सवयच ती. घड्याळ काढायला लागले.

"काढू नकोस," हे डोळे मिटूनच म्हणाले.

"अहो, पट्टा चालू आहे. पुढे पळेल."

"पळू दे. मी आहे ना दुरुस्त करायला. ये, बस."

मी ती सहा पावलं चालून गेले. संध्याकाळपर्यंत घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलं होतं. दुसऱ्या सकाळी ह्यांनी ते दुकानात नेलं आणि दुपारी जेवायला येताना परत आणून दिलं. त्याच दिवशी.